उसने आकडे

९ जानेवारी २०२५

वापीचं दुकान आपले पापड ठेवायला तयार झालं. मी बसमधून उतरते न उतरते तोच लाडकीताईंनी बातमी सांगितली. अंगणात बायका नागली पाखडत होत्या, त्यांनी सुपं थांबवली आणि सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

"पण पाकिटावर बारकोड पायजे म्हणतात," लाडकीताई म्हणाल्या. "तो काय असतो ते तुम्हीच बघा, बाई. तुम्ही रेल्वेतल्या."

मी रेल्वेत होते ती डहाणू रोडच्या तिकीट खिडकीवर. त्याचा बारकोडशी काय संबंध, हे सांगून उपयोग नव्हता. आई गेल्यावर घरात बसवेना, म्हणून मी कोसबाडला पदार्थ टिकवण्याच्या प्रशिक्षणाला गेले. लाडकीताई तिथे शेजारी बसल्या होत्या. त्या उधव्याच्या बाजूला डोंगरात एका पाड्यावर राहतात आणि तिथल्या बचत गटाच्या अध्यक्ष आहेत. तेव्हापासून त्यांच्या गटाचं कागदपत्रांचं काम माझ्याकडे आलं.

जेवायला थांबा म्हणाल्या. नेहमीच म्हणतात. बस चुकेल म्हणून निघाले. सरावलीला घरी पोचले तेव्हा अजून चांगलं ऊन होतं.

११ जानेवारी

बारकोडचे आकडे देणारी एक अधिकृत संस्था आहे. तिच्याकडून घ्यायचे तर गटाची नोंदणी, पॅन, बँकेचं पत्र हे सगळं हवं, आणि पुढे मुदत संपली की नूतनीकरण. कायमचं दुखणं. शोधता शोधता दुसरी जाहिरात दिसली, "आयुष्यभराचा बारकोड. एकदाच घ्या, निश्चिंत व्हा." फोन केला. उंबरगावचं ऑफिस निघालं.

दक्षा नावाच्या मुलीने उचलला. मी माहिती विचारायच्या आधी तीच म्हणाली, "ताई, जेवलात ने?"

मी अजून जेवले नव्हते. तसं सांगितलं तर म्हणाली, "मग आधी जेवून घ्या. बारकोड कुठे पळत नाही. मी करते परत." आणि खरंच केला.

बराच वेळ बोललो. मराठी चांगलं बोलते, मधे मधे गुजराती येतं. मला वसुबेन म्हणू का, विचारलं. म्हण म्हटलं. वसुमती असं पूर्ण नाव तर आता फक्त बँकेत घेतात.

१६ जानेवारी

आकडे आले, सोबत प्रमाणपत्रही. स्टेशनजवळच्या छापखान्यात उमेशकडे पाकिटाचं डिझाईन करायला दिलं. तो प्रमाणपत्र उलटंपालटं करत राहिला.

"मॅडम, यावर गटाचं नाव नाही. दुसऱ्याच कंपनीचं आहे."

तिथूनच दक्षाला विचारलं. ती म्हणाली, "ती कंपनी बंद झाली ने, वसुबेन. तिचे नंबर आमच्याकडे आले, आमच्याकडून तुमच्याकडे. जुनी गाडी घेतो तसं." इतकं सोपं होतं. उमेशला सांगितलं, तर म्हणाला, "मग आरसी बुकात नाव बदलतात, मॅडम." त्याला सगळ्यात खोट काढायची सवय आहे.

उलट मुलगी किती काटेकोर आहे बघा. पाकिटाच्या मागे चौकोनी क्यूआर कोडही टाकायचा आहे. लाडकीताईंची सून रविना पापड लाटतानाचा व्हिडिओ त्यात दिसेल. दक्षाने आपणहून सांगितलं, की तो चौकोन कोणीही छापावा, त्याला परवाना लागत नाही. पण 'क्यूआर कोड' हे शब्द एका जपानी कंपनीचा नोंदलेला ट्रेडमार्क आहे. शब्द छापलेत तर खाली तशी बारीक ओळ टाका. "कोणाचं नाव वापरलं तर सांगायला पाहिजे ने."

कोण सांगतं एवढं हल्ली? ओळ टाकायला लावली. उमेशने भिंगातून बघावं लागेल इतकी बारीक टाकली.

३० जानेवारी

काम संपलं तरी दक्षाचा फोन दुपारी येतो. सुरुवातीला "लेबल छापून झालं?" अशी सबब असायची, आता तीही नसते.

तिच्या आईचे गुडघे गेलेत. जिना चढताना ती माऊली प्रत्येक पायरीला देवाचं नाव घेते म्हणे. मी निर्गुडीचा पाला शेकायला सांगितला. दुसऱ्या दिवशी दक्षा म्हणाली, आईला आराम पडला, तुम्हाला आशीर्वाद दिलेत.

आज मी तिला आईच्या शेवटच्या आठवड्याबद्दल सांगितलं. आई मला ओळखत नव्हती, समोर उभी राहिले की "दोन रिटर्न, वलसाड" म्हणायची. माझ्या नोकरीचं तेवढंच तिच्यात उरलं होतं. मी रोज तिकीट दिल्यासारखं तिच्या हातात काहीतरी ठेवायचे. हे मी श्यामकांतलासुद्धा सांगितलेलं नाही, आणि तो तिचा मुलगा आहे. दक्षा म्हणाली, "परत सांगा ने, काय म्हणायच्या?"

मी बोलत असताना रविना वालाच्या शेंगा घेऊन आली होती. पाड्यावरून मुद्दाम. तिला दारातच हाताने खूण केली. ती पायरीवर टेकली, थोड्या वेळाने शेंगा ठेवून गेली.

४ फेब्रुवारी

पाड्यावर गेले नाही. तिथे फोनला रेंज येत नाही. निरोप पाठवला की अंग दुखतंय.

१० फेब्रुवारी

माल वापीला पोचला. लाडकीताई, रविना आणि मी, तिघी टेम्पोतून गेलो. लाडकीताईंनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं आणि दुकानाच्या एसीत त्या सारखा पदर सावरत होत्या. खरेदी बघणारे शैलेशभाई भला माणूस. त्यांनी पाकिटं आमच्या देखत फळीवर मांडली. रविनाने फोटो काढले. मी दक्षाला तिथूनच फोन केला. तिने "वाह ने वाह!" केलं.

परतताना लाडकीताईंनी विचारलं, "ही कोण, जिला तुम्ही आधी सांगता?"

मैत्रीण, म्हटलं.

१५ फेब्रुवारी

शैलेशभाईंचा फोन आला. आधी मला वाटलं, माल संपला.

"मॅडम, तुमच्या पापडाचं पाकीट स्कॅन केलं की बिलात लहान मुलांचे मोजे येतात."

मला कळेना. त्यांनी पुन्हा सांगितलं. त्यांच्या दुकानात कपडेही आहेत. हाच नंबर एका मोजेवाल्या कंपनीचा म्हणून मशीनमध्ये आधीपासून आहे. काउंटरवर रोज भांडणं व्हायला लागली, म्हणून सगळी पाकिटं काढून मागे ठेवलीत. "घेऊन जा. आणि नंबर कुठून आणला ते लेखी द्या. आमचे मालक फार चिडलेत."

दक्षाला फोन लावला. उचलला नाही. संध्याकाळी उचलला आणि "साहेबांना विचारून सांगते" म्हणाली. जेवलात का, हे तिने आज विचारलं नाही.

१७ फेब्रुवारी

अधिकृत संस्थेच्या मदत क्रमांकावर बोलले. समंजस आवाजाचा माणूस होता. त्याने समजावलं, की रेघा कोणीही छापू शकतं, किंमत रेघांना नाही, आकड्यांना आहे. आकडे विकत मिळतच नाहीत. ज्याच्या नावे दिले त्याने वापरायचे, मुदतीपुरते, आणि दुसऱ्याला देता येत नाहीत.

"ती कंपनी बंद झाली असेल तर?"

"बंद कुठे, मॅडम? चालू आहे. मोजे विकतेय ना."

विकणाऱ्याचं नाव, फोन, कोण बोललं, सगळं लिहून पाठवा म्हणाला. म्हणजे दक्षाचं नाव. मी म्हटलं, ती नुसती नोकरीला आहे. तो म्हणाला, "मग तेही लिहा." पण मला तरी कुठे माहीत आहे ते?

२० फेब्रुवारी

पाड्यावर सगळ्या जमल्या. सांगितलं.

"मोजे?" रविना म्हणाली, आणि आधी सगळ्या हसल्या. इतक्या हसल्या की एक म्हातारी खोकायला लागली. मग एकेकीची नजर पोत्यांकडे गेली. पोती परत आली होती, अर्ध्या पापडांचा चुरा झालेला. थंडीत पहाटे उठून लाटलेले पापड. कोणी मला बोल लावला नाही. ते जास्त लागलं.

लाडकीताई चुरा मुठीत घेऊन बघत होत्या. "त्या बाईचं नाव लिहा, बाई. आपल्यासारख्या अजून कोणाला तरी ती विकत असंल."

बघते म्हटलं.

"बघायचं काय त्यात?"

२४ फेब्रुवारी

उंबरगावला गेले. तिला समोर विचारायचं, असं ठरवून. बोर्डीवरून झाईपर्यंत बस, पुढे रिक्षा. पत्ता प्रमाणपत्रावर होताच. टायरच्या दुकानावर एक खोली, दार उघडं, कूलर चालू. तीन बायका दाराकडे पाठ करून बसलेल्या, कानाला हेडफोन. कोणती दक्षा ते कळेना, म्हणून दारातच उभी राहिले.

"ताई, जेवलात ने?" डावीकडची म्हणाली.

तो आवाज दक्षाचा नव्हता. मग उजवीकडच्या बाईने, जाडसर, केसांत बऱ्यापैकी पांढरं, हेडफोन सारखा केला आणि म्हणाली, "काय करू ताई, आईच्या डोळ्यांचं टेन्शन. मोतीबिंदू आहे ने."

ती दक्षा. आवाज शंभरात ओळखला असता. माझ्या डोळ्यांसमोर बावीस-तेवीसची मुलगी होती.

मला गुडघे सांगितले होते.

मी आत गेले नाही. टायरवाल्याने विचारलं, "कोण पाहिजे?" कोणी नको म्हटलं. झाईला बसची वाट न बघता समुद्राकडे गेले. कोळणी जाळ्यांवर मासळी वाळत घालत होत्या. एकीने विचारलं, घेणार का. घेतली. मी सुकी मासळी खात नाही.

२५ फेब्रुवारी

तक्रार लिहिली. ऑफिसचं नाव, पत्ता, दक्षाचं नाव, तिचा नंबर. रजिस्टर पोस्टाने पाठवली. एक प्रत शैलेशभाईंना.

२ मार्च

दुपारी घरात किती आवाज असतात, हे विसरले होते. फ्रीज. नळ. शेजारच्यांचा कुकर. श्यामकांतला नाशिकला फोन केला. तो म्हणाला, "काय गं, सगळं ठीक ना?" ठीक म्हटल्यावर पुढे काय बोलावं ते दोघांनाही सुचेना.

१९ मार्च

गटाच्या नावाने आकडे आले. या वेळी कागदावर नाव आमचं आहे. मुदत संपायच्या आधी नूतनीकरण करायचं. लाडकीताईंनी विचारलं, "म्हणजे हेबी कायमचं आपलं नाहीच?" नाही म्हटलं, भाडं भरेपर्यंत आपलं. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

उमेशने नवे स्टिकर छापून दिले. 'मी तेव्हाच म्हटलं होतं,' असं तो एका शब्दानेही बोलला नाही. त्याच्याबद्दल माझं मत चुकलं होतं.

दिवसभर पाड्यावर बसून जुन्या रेघांवर नव्या रेघा चिकटवल्या. जेवायला थांबले. नागलीची भाकरी, वालाची भाजी. माझं ताट न विचारता वाढलं होतं.

२४ मार्च

दुकानाने माल पुन्हा ठेवून घेतला. शैलेशभाईंनी पाकीट स्कॅन करून स्क्रीनचा फोटो पाठवला. नागली पापड, आणि पुढे गटाचं नाव. रविनाला पाठवला. दक्षाला पाठवायला बोट गेलं होतं.

२८ मार्च

अनोळखी नंबरवरून फोन. "वसुबेन?"

आवाज दक्षाचा. ती म्हणाली, "ठेवू नका ने. शिव्या द्या, पण ठेवू नका."

ऑफिस बंद झालं. चौकशी आल्यावर साहेब दाराला कुलूप लावून निघून गेला. शेवटच्या महिन्याचा पगारही तिला मिळाला नाही. "तुमचं पत्र होतं त्यात. साहेबाने वाचून दाखवलं आम्हाला. तुमचं मराठी छान आहे."

"तुला ठाऊक होतं?"

"नंबर दुसऱ्याचे, एवढं ठाऊक होतं. चालतात, असं साहेब म्हणायचा. बऱ्याच जणांचे चाललेसुद्धा." मग म्हणाली, "विचारलं नाही मी. विचारलं असतं तर नोकरी सोडावी लागली असती ने."

मी म्हटलं, मी उंबरगावला आले होते. दारात उभी होते. मग विचारलं,

"तुझ्या आईचे गुडघे गेलेत की डोळे?"

मला वाटलं, आता ती फोन ठेवेल.

"आई नाहीच मला, वसुबेन. मी चार वर्षांची होते. आम्हाला कागदावर लिहून दिलेलं, घरचं काहीतरी सांगा, आईचं सांगा, बायका ऐकतात. पण तुम्ही रोज विचारायला लागलात. बरं वाटलं का, शेकलं का. मग मलाच तिचं रोज नवीन सुचायला लागलं. जिन्याचं, देवाच्या नावाचं, ते कागदावर नव्हतं."

मी फोन ठेवला. रागावून नाही. का ठेवला ते मला सांगता येत नाही.

३१ मार्च

काल पाडवा. लाडकीताईंकडे होते. सगळं सांगितलं. वाटलं होतं, त्या तिला शिव्या घालतील.

त्या म्हणाल्या, "आपल्या मालाची माती केली तिने. मी तिला माफ करणार नाही." मग चुलीतलं लाकूड आत सारत, "पण तुम्हाला तिच्याशी बोलायचं असंल तर घरी बोलवा. समोर बसवा. फोनवर कोणीबी गोड असतं."

आज संस्थेला दुसरं पत्र पाठवलं, की दक्षा पगारी नोकर होती, साहेबाने सांगितलं तसं तिने केलं. खरं आहे की नाही, पूर्ण माहीत नाही. लाडकीताईंना या पत्राबद्दल बोलले नाही.

दक्षाला फोन करून तेरा तारखेच्या रविवारी जेवायला ये म्हटलं. ती म्हणाली, "खरंच?" आणि मग दुसऱ्यांदा, हळू आवाजात, "खरंच?"

१३ एप्रिल

दक्षा येऊन गेली.

स्टेशनवर आणायला गेले. ती पुलावरून उतरली, मी ओळखलं, तिने मला ओळखलं नाही. हाताने खूण केली तेव्हा आली. "तुम्ही उंच आहात," म्हणाली. "फोनवर छोट्या वाटता."

घरी आणलं. पुरणपोळी केली होती, ती एकच खाऊन पुरे म्हणाली. गोड कमी खाते. हे मला माहीत नव्हतं. खरं तर तिच्याबद्दल मला काय माहीत होतं, ते आठवायला लागले, तर सगळं तिच्या आईबद्दलचंच होतं.

मी नोकरीचं विचारलं. एका प्लास्टिक कारखान्यात पॅकिंगला लागली आहे. बरी आहे? बरी आहे. तिने पापडाचं विचारलं. चाललंय म्हटलं. मग पंख्याचा आवाज. तिने फोन काढला, काही बघितलं, परत ठेवला. मी उठून ताक आणलं. आईच्या फोटोसमोर ती थोडा वेळ उभी राहिली. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. ती म्हणाली, "फ्रेम चांगली आहे."

तिचे हात मोठे आहेत, नखं कापलेली. बोलताना ती माझ्याकडे बघत नाही, भिंतीकडे बघते. मीही कदाचित तसंच करत असेन. तीस वर्षं मी काचेआडून बोलले, समोरचा रांगेतून पुढे सरकला की संपलं. समोर बसून, कुठे न जाणाऱ्या माणसाशी काय बोलतात, ते मला येत नाही. तिलाही नाही.

चार वाजायच्या आतच ती म्हणाली, "निघू? गाडी आहे." मी थांब म्हटलं नाही. गाडी आली. तिने माझा हात धरला, लगेच सोडला. चढली. वाईट गेलं सगळं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, माझ्याही दिसत असणार.

गाडी हलली. मी प्लॅटफॉर्मच्या टोकापर्यंत गेले आणि परत फिरले. पुलाच्या पायऱ्या चढत असताना फोन वाजला.

"वसुबेन, खिडकी मिळाली."

"पुरणपोळी बांधून द्यायची राहिली," मी म्हटलं.

"हां, ते मी बघत होते, पण मागू कशी? डब्यात होत्या ने अजून?"

"सात आहेत. मी एकटी काय करू त्यांचं?"

"मग द्यायच्या ने! मी शेजारणीला दिल्या असत्या." ती हसली. "तुम्ही भिंतीकडे बघून का बोलत होता? मला वाटलं, पाल आहे की काय."

मला हसू आलं. तिथेच पायरीवर बसले. लोक बाजूने जात होते. ती म्हणाली, तुमच्या आईचे डोळे अगदी तुमच्यासारखे, पण तिथे सांगायला जीभ उचलेना. मी म्हटलं, तुझ्या आईचं काही आठवतं? खरं. ती म्हणाली, एक आठवतं, पण ते तिने कधी कोणाला सांगितलेलं नाही.

"सांग."

घोलवड स्टेशन गेलं म्हणाली. ती सांगत होती, ओल्या केसांचं काहीतरी, बहुतेक आई केस पुसत असतानाचं. पुढे बोर्डी रोडच्या अलीकडे आवाज तुटायला लागला. एक शब्द यायचा, चार जायचे. मग नुसती खरखर, आणि तिच्यातून तिचा प्रश्न, "ताई, ऐकू येतंय ने?"

मला काहीच ऐकू येत नव्हतं.

येतंय म्हटलं. बोल.